सर्व्हरचा वेळ कोण खातो?

गेल्या कांहीं वर्षांत मराठी बोलींत जे नवे प्रयोग रूढ झाले, त्यांत "सर्व्हर डाऊन आहे" हा एक होय. धाराशिव जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, इंग्रजीचें एक अक्षरहि न शिकलेल्या माणसाच्या तोंडीं हा प्रयोग सहज येतो. सोयाबीनची पेरणी उरकून शेतकरी खरिपाच्या पीकविम्याचा अर्ज भरण्यासाठीं तालुक्याच्या गांवीं जातो. सातबाऱ्याचा उतारा काढावयाचा असतो, अर्ज नोंदवावयाचा असतो, आणि मुदतीचे शेवटचे दिवस असतात. कळंब असो, परंडा असो कीं उमरगा असो, टेबलापलीकडील माणूस पडद्याकडे बोट दाखवून तें वाक्य उच्चारतो आणि रांगेंतील सर्वांचा दिवस फुकट जातो. शहरांतील घरांनाहि परीक्षेचा निकाल, रेल्वेचें आरक्षण किंवा विजेचें बिल यांच्या निमित्तानें हाच अनुभव येतो.

या एका वाक्यांत अनेक निरनिराळे आजार कोंबलेले आहेत. कधीं वाटेंत केबल तुटलेली असते, कधीं डिस्क भरलेली असते, कधीं खरोखरच माणसांची गर्दी यंत्राच्या शक्तीपलीकडे गेलेली असते. परंतु एक आजार यांहून निराळा आहे. त्यांत यंत्र बंद नसतें आणि दुबळेंहि नसतें. तें अहोरात्र राबत असतें, मात्र रांगेंतील माणसाचें काम सोडून भलत्याच कोणाचें तरी. तें काम कोणाचें, तें कोणीं लावून दिलें आणि नेमकें आतांच तें कां चाललें आहे, हें शोधून काढण्याची एक विद्या आहे. तिचा परिचय करून देणें हाच या भाषणाचा हेतु.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. तालुक्याच्या गांवीं टेबलावर दिसतो तो संगणक म्हणजे सर्व्हर नव्हे. ती केवळ खिडकी होय. जें यंत्र अर्ज स्वीकारतें, उतारा शोधून देतें आणि नोंद जपून ठेवतें, तें दूर कोठें तरी थंड हवेच्या बंदिस्त दालनांत, आपल्यासारख्याच शेंकडों यंत्रांच्या सोबतीनें ठेवलेलें असतें. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राचें असें एक मोठें डेटा सेंटर पुण्यास आहे. जगांतील बहुतेक सर्व्हरांवर युनिक्स घराण्यांतील एखादी कार्यप्रणाली चालते. युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. पुढें त्याच धर्तीवर फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स रचिलें, आणि आज सर्व्हरांच्या जगांत त्याचाच प्रसार सर्वाधिक आहे.

युनिक्सचें मुख्य कौशल्य वांटणीचें आहे. मराठवाड्यांत भावाभावांची सामाईक विहीर असते. पाणी एक, मोटार एक आणि शेतें चार. मग पाळी ठरते. ज्याची पाळी असेल त्यानें मोटार चालू करावी, दारें धरावीं आणि वेळ संपतांच पुढच्याच्या हवालीं करावें. सर्व्हरमधील प्रोसेसर ही अशीच सामाईक विहीर होय. त्याचा एक कोअर एका क्षणीं एकाच कामाला लागतो. कार्यप्रणाली प्रत्येक कामाला सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांची पाळी देते, आणि या पाळ्या इतक्या भराभर फिरतात कीं प्रत्येकाला वाटतें, पाणी आपल्याच शेतांत अखंड वाहत आहे. ज्याला गरज नसेल तो आपली पाळी सोडून देतो. त्यामुळें एरवीं कोणाचेंच अडत नाहीं. एकट्या भावानें कितीहि हांव धरली तरी कार्यप्रणाली इतरांच्या वांट्याला धक्का लावूं देत नाहीं. पण हक्क सांगणाऱ्यांची संख्याच चारांची चाळीस झाली, तर प्रत्येकाची पाळी आखूड होते आणि दोन पाळ्यांमधील अंतर वाढतें. विहीर आटलेली नसते, मोटारहि बिघडलेली नसते. तरी पिकें वाळूं लागतात.

सर्व्हरवर चालू असलेल्या अशा प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला क्रमांक असतो, मालक असतो, सुरू झाल्याची वेळ असते, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे जनक असतो. कोणतीहि प्रोसेस आपोआप उत्पन्न होत नाहीं. दुसऱ्या प्रोसेसनें तिला जन्म द्यावा लागतो. या वंशाच्या मूळपुरुषाचा क्रमांक १ असतो. जनक आधीं गेला तर अपत्य पोरकें होतें, आणि मग बहुधा क्रमांक १ त्याला दत्तक घेतो. अपत्य गेलें आणि जनकानें त्याच्या शेवटाची दखल घेतली नाहीं, तर त्याचें नांव मृतावस्थेंतच यादींत लोंबकळत राहतें. त्याला 'झॉम्बी' म्हणतात. नांव भयंकर असलें तरी तें प्रोसेसरचा एक क्षणहि खात नाहीं. नवशिके मात्र पुष्कळदां प्रथम त्याच्याच मागें लागतात.

थोडक्यांत, सर्व्हरवरील प्रोसेसची यादी ही एक वंशावळ आहे. सातबाऱ्यावरील नांव पाहून जमीन आज कोणाकडे आहे तें कळतें. ती त्याच्याकडे कशी आली, हें कळावयाचें तर फेरफार पहावा लागतो. सर्व्हरचेंहि तसेंच आहे. वेळ कोण खात आहे हें यादीवरून कळतें. त्याला खावयास कोणीं बसविलें, हें वंशावळीवरून कळतें. या विद्येचें सर्व मर्म या दोहोंतील फरकांत आहे.

शोधाची पहिली पायरी म्हणजे भार मोजणें. युनिक्स यंत्र विचारल्याबरोबर तीन आंकडे सांगतें: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांत सरासरीनें किती प्रोसेस चालू होत्या किंवा पाळीची वाट पाहत होत्या. यास 'लोड अ‍ॅव्हरेज' म्हणतात. चार कोअरच्या यंत्रावर हा आंकडा ४ असेल तर सर्व कोअर कामांत आहेत. ४० असेल तर रांग दाराबाहेर गेली आहे. पहिला आंकडा मोठा आणि तिसरा लहान असेल तर संकट नुकतेंच आलें आहे. उलट असेल तर तें ओसरत आहे. लिनक्स या मोजणींत डिस्ककडे डोळे लावून अडकून पडलेल्या प्रोसेसहि धरतें. म्हणून भार मोठा दिसत असून प्रोसेसर मोकळा आढळला, तर दोष डिस्कच्या बाजूस शोधावा. एवढा एक भेद कळला तरी पुष्कळ व्यर्थ श्रम वांचतात.

दुसरी पायरी म्हणजे 'टॉप' नांवाचें साधन. विल्यम लफिव्हर यांनीं तें १९८४ सालीं प्रथम लिहिलें, आणि आज बहुतेक प्रत्येक युनिक्स यंत्रावर तें किंवा त्याचा एखादा भाऊबंद आढळतो. दर कांहीं सेकंदांनीं तें प्रोसेसची यादी नव्यानें मांडतें. जी सर्वांत अधिक वेळ खात असेल ती वर. लिनक्सवर एक कोअर पूर्णपणें व्यापला म्हणजे १०० टक्के असा हिशेब बहुधा असतो. त्यामुळें एका प्रोसेसपुढें ४०० टक्के हा आंकडा पाहून घाबरण्याचें कारण नाहीं, तिनें चार कोअर धरले आहेत एवढाच त्याचा अर्थ.

येथेंच बहुतेकांची फसगत होते. यादींत पहिलें दिसणारें नांव हाच गुन्हेगार, असें समजून ते त्याला मारून टाकतात किंवा यंत्रच बंद करून पुन्हां चालू करतात. पावसाळ्यांत नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीचें पाणी बंधाऱ्यावरून नर आणि मादी या दोन धबधब्यांनीं कोसळतें, आणि तें पाहण्यास लांबलांबून माणसें जातात. पाणी कोसळतें तें बंधाऱ्यावर. पाऊस मात्र नदीच्या वरच्या अंगास पडलेला असतो. बंधाऱ्यावर उभें राहून पावसाचें कारण शोधणाऱ्याच्या हातीं कांहींच लागणार नाहीं. सर्व्हरवरहि भार दिसतो एका ठिकाणीं आणि उगम असतो दुसऱ्या ठिकाणीं.

असा उगम पुष्कळदां अगदीं घरगुती असतो. प्रत्येक सर्व्हरवर नित्याचीं कामें लावून ठेवलेलीं असतात: नोंदींची प्रत काढणें, जुन्या वह्या गुंडाळून ठेवणें, फायलींची सूची करणें. तीं ठरल्या वेळीं सुरू करण्याचें काम 'क्रॉन' ही प्रोसेस करते. काल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिचें नांव पडलें आहे. समजा, एक काम दर पांच मिनिटांनीं लावलेलें आहे आणि तें दोन मिनिटांत उरकतें. जुलैअखेर अर्जांची संख्या वाढली कीं त्याच कामाला सात मिनिटें लागूं लागतात. क्रॉन मात्र पहिलें संपण्याची वाट पाहत नाहीं. पांच मिनिटें झालीं कीं दुसरें सुरू करते. मग दोन कामें एकमेकांना अडवितात, त्यामुळें दोन्ही आणखी मंदावतात, तोंवर तिसरें येतें. दुपारपर्यंत एकाच कामाचीं वीस भावंडें विहिरीवर जमलेलीं असतात. त्यांतील एकहि परका नसतो, एकहि दुष्ट नसतो. एकेकाला मारीत बसणारा माणूस संध्याकाळपर्यंत तेंच करीत बसेल. पण सर्वांचा जनक क्रॉन आहे हें ज्यानें पाहिलें, तो एक ओळ बदलून "पहिलें संपल्याशिवाय दुसरें नको" अशी तजवीज करितो.

दुसरा घरगुती उगम घड्याळांत असतो. पुष्कळ सर्व्हरांचीं घड्याळें भारतीय वेळेवर नसून जागतिक प्रमाणवेळेवर ठेवलेलीं असतात, आणि ती वेळ आपल्या वेळेच्या साडेपांच तास मागें आहे. कोणी सद्भावनेनें एखादें जड काम "पहाटे साडेचार"ला लावून ठेवितो, कीं तेव्हां कोणाचेंच अडणार नाहीं. सर्व्हरची पहाट साडेचारला होते खरी. पण त्या क्षणीं धाराशिवास सकाळचे दहा वाजलेले असतात, आणि कचेऱ्यांपुढें रांगा लागलेल्या असतात. रोज दहाला सुरू होऊन अकराला विरणारा असा मंदपणा पाहून यंत्र जुनें झालें, नवें घ्यावें, अशी मागणी होऊं शकते. नव्या यंत्रावरहि तोच पाहुणा त्याच वेळीं जेवावयास येईल, हें उघड आहे.

आतां घराबाहेरील उगमांकडे वळण्यास हरकत नाहीं. या विद्येच्या इतिहासांत कांहीं प्रकरणें गाजलेलीं आहेत, आणि प्रत्येकांत दिसणारें व असणारें यांतील अंतर निराळ्या रीतीनें प्रकट झालें आहे.

१९८६ सालीं कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेंत संगणकाच्या वेळेचा हिशेब ठेवला जात असे. ज्यानें जितका वेळ वापरला तितके पैसे त्याच्या नांवावर पडत. क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाकडे एक क्षुल्लक काम आलें: दोन हिशेबांत ७५ सेंटांचा फरक येत होता, तो जुळवावयाचा होता. एवढ्या फरकाकडे कोणीहि दुर्लक्ष केलें असतें. स्टॉल यांनीं विचारिलें, हा वेळ कोणाचा? त्या नांवाचा खातेदार प्रयोगशाळेस ठाऊकच नव्हता. तो धागा धरून ते महिनोन्‌महिने मागोवा घेत गेले, आणि शेवटीं तो जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं बसलेल्या एका घुसखोरापाशीं पोहोंचला. तो अमेरिकेच्या लष्करी संगणकांतील माहिती चोरून सोव्हिएत हेरखात्यास विकीत होता. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्टॉल यांच्या पुस्तकानें ही हकीकत जगास कळविली.

त्यानंतर दोन वर्षांनीं, २ नोव्हेंबर १९८८ रोजीं, कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस यानें एक स्वयंप्रसारी प्रोग्राम जाळ्यांत सोडला. त्या वेळीं इंटरनेटला सुमारें ६०,००० संगणक जोडलेले होते असा अंदाज आहे, आणि त्यांपैकीं सुमारें ६,००० या प्रोग्रामनें ग्रासले असें सांगितलें जातें. त्यानें फायली नष्ट केल्या नाहींत. केवळ स्वतःच्या प्रती वाढविल्या. यंत्रावर आधींच एक प्रत आहे असें कळूनहि सातांतून एकदां नवी प्रत टिकून रहावी, अशी त्याची रचना होती. परिणामीं एकेका यंत्रावर प्रतींची दाटी झाली आणि यंत्रें गुदमरलीं. पाहणाऱ्यांस यादींत काय दिसे? 'एसएच' हें नांव, म्हणजे युनिक्सवरील सर्वांत नित्याच्या, सर्वांत निरुपद्रवी आज्ञावाचकाचें. मॉरिसच्या प्रोग्रामनें तें नांव मुद्दाम धारण केलें होतें. शिवाय तो मधून मधून नव्या प्रोसेसला जन्म देऊन जुनी संपवीत असे, म्हणजे क्रमांक बदले आणि खाल्लेल्या वेळेचा हिशेबहि पुन्हां शून्यापासून सुरू होई. यंत्र बंद करून चालू केलें तर शेजारच्या यंत्रावरून प्रोग्राम पुन्हां येई. नांवावर विश्वास ठेवूं नये, हा धडा त्या रात्रीं अनेकांनीं घेतला. मॉरिसला पुढें १९९० सालीं न्यायालयानें तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची, ४०० तास समाजसेवेची आणि दंडाची शिक्षा दिली.

यांहूनहि विलक्षण प्रकार १ जुलै २०१२ रोजीं घडला, आणि त्यांत गुन्हेगार कोणीच नव्हता. चांद्रमास व सौरवर्ष यांची सांगड रहावी म्हणून पंचांगांत अधिक मास धरतात. त्याच २०१२ सालीं अधिक भाद्रपद आला होता. तसाच एक अधिक सेकंदहि असतो. पृथ्वीचें भ्रमण अणुघड्याळाइतकें नियमित नसल्यामुळें १९७२ पासून अधूनमधून जागतिक वेळेंत एक सेकंद जास्त धरण्याची प्रथा पडली, आणि २०१६ च्या अखेरपर्यंत असे २७ सेकंद धरले गेले. ३० जून २०१२ च्या जागतिक मध्यरात्रीं असा एक सेकंद घातला गेला. भारतांत तेव्हां रविवारची पहाट होती आणि घड्याळांत साडेपांच वाजत होते.

त्या क्षणापासून जगभर असंख्य लिनक्स सर्व्हरांचे प्रोसेसर एकाएकीं पूर्ण वेगानें धांवूं लागले. रेडिट व मोझिला यांच्या सेवा अडखळल्या. ऑस्ट्रेलियांत क्वांटास कंपनीच्या विमानांस प्रवासी-नोंदणी बंद पडल्यामुळें उशीर झाला. जर्मनींतील हेट्झ्नर या सर्व्हर भाड्यानें देणाऱ्या कंपनीच्या दालनांत विजेचा वापर सुमारें एक मेगावॅटनें वाढला. यादींत वर दिसत होते ते जावा भाषेंतील प्रोग्राम आणि मायएस्क्यूएल हें नोंदी राखणारें साधन. त्यांत कांहींच बदल झालेला नव्हता. ते आदल्या रात्रीपर्यंत निर्दोष चाललेले होते, आणि खरें पाहतां अजूनहि निर्दोषच होते.

कारण असें होतें. लिनक्सच्या गाभ्यानें भिंतीवरच्या घड्याळांत एक सेकंद वाढविला, पण झोपलेल्या प्रोग्रामना वेळेवर उठविणाऱ्या आंतल्या घड्याळास ही वार्ता पोहोंचविली नाहीं. तें एक सेकंद पुढें राहिलें. एखादा प्रोग्राम म्हणे, "अर्ध्या सेकंदानें मला उठव". आंतलें घड्याळ म्हणे, "ती वेळ तर होऊन गेली", आणि त्याला तत्क्षणीं उठवी. काम नाहीं असें पाहून तो पुन्हां झोपे, पुन्हां उठविला जाई. आणि हें एका सेकंदांत हजारों वेळां. झोपेंतून सतत हलवून जागें केलेलें माणूस जसें कांहीं न करितांच थकतें, तशी त्या यंत्रांची स्थिति झाली. उपाय एका ओळीचा निघाला: जी वेळ आहे तीच घड्याळांत पुन्हां लावावी. घड्याळ हातानें लावतांच सर्व घड्याळांस वर्दी जाते, आणि क्षणार्धांत यंत्र शांत होतें. ज्यांनीं यंत्रें बंद करून चालू केलीं त्यांचेंहि काम झालें, पण झालें कां, हें त्यांना कळलें नाहीं. पुढें २०२२ सालीं वजनें व मापें यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें हा अधिक सेकंद २०३५ पर्यंत बंद करण्याचें ठरविलें.

आतां हल्लींचा एक प्रकार, आणि हा मात्र सरळ चोरीचा. मोनेरो नांवाचें एक आभासी चलन २०१४ पासून प्रचारांत आहे. तें गणित करून मिळवितां येतें, आणि त्यासाठीं साधा प्रोसेसरहि चालतो. विजेचा व यंत्राचा खर्च दुसऱ्याच्या माथीं मारितां आला तर सारा नफाच. म्हणून कुलूप न लावलेले सर्व्हर हुडकून त्यांत असा गणित करणारा प्रोग्राम बसविणाऱ्या टोळ्या जगभर फिरत असतात. त्यांतील एकाचें नांव पाहण्याजोगें आहे. लिनक्सच्या गाभ्याची 'केडेव्हटीएमपीएफएस' नांवाची एक खरी सेवक-प्रोसेस असते. चोरट्या प्रोग्रामनें त्यापुढें केवळ एक 'आय' हें अक्षर जोडून घेतलें. घाईंत पाहणाऱ्यास तें घरचेंच माणूस वाटतें. त्याला मारलें तर मिनिटभरांत तो पुन्हां उभा राहतो. कारण 'किन्सिंग' नांवाचा त्याचा राखणदार निराळा चालत असतो, आणि क्रॉनच्या यादींत दर मिनिटास त्याला बाहेरून आणण्याची ओळ घुसविलेली असते.

येथेंहि वंशावळच उपयोगी पडते. लिनक्समध्यें गाभ्याच्या खऱ्या सेवक-प्रोसेसचा जनक क्रमांक २ असतो, आणि त्यांच्यामागें डिस्कवर फाईल नसते. या तोतयाचा जनक भलताच निघतो, आणि त्याची फाईल तात्पुरत्या वस्तूंच्या कप्प्यांत, जेथें कोणालाहि कांहीं ठेवितां येतें तेथें, सांपडते. नांव उसनें घेतां येतें. कुळ उसनें घेणें कठीण जातें.

या सर्वांवरून शोधाचा क्रम आपोआप ठरतो. वर दिसणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक टिपावा, मारूं नये. 'पीएस' या आज्ञेनें तिचा मालक, जन्मवेळ आणि जनक पहावा, व जनकाचा जनकहि पहावा. लिनक्स 'प्रॉक' नांवाच्या कप्प्यांत प्रत्येक प्रोसेसची टांचणें ठेवितें. तेथें ती कोणत्या फाईलींतून उठली, कोणत्या फायली उघडून बसली आहे, हें दिसतें. मूळ फाईल पुसून टाकलेली असली तरी प्रोसेस जिवंत असेतोंवर तीहि खूण तेथें राहते. प्रोसेस मारली कीं ती खूणहि जाते. मग क्रॉनची यादी व यंत्राची रोजनिशी त्या जन्मवेळेशीं ताडून पहावी. लोक फारच खोळंबले असतील तर प्रोसेसला मरणाची नव्हे, थांबण्याची आज्ञा द्यावी. युनिक्समध्यें तशी सोय आहे. ती जागच्या जागीं गोठते, विहीर इतरांस मोकळी होते आणि पुरावा शाबूत राहतो. काम घरचेंच पण जड निघालें, तर 'नाइस' या आज्ञेनें त्याला शेवटच्या पाळीस बसवावें. तिची श्रेणी उणें २० पासून १९ पर्यंत असते. आंकडा जितका मोठा तितकें तें काम इतरांस अधिक वाट देतें. क्रमांक ९ चा संकेत, जो प्रोसेसला आवराआवर करण्याचीहि सवड न देतां संपवितो, तो सर्वांत शेवटीं वापरावा. आणि यंत्र बंद करणें त्याच्याहि नंतर.

हें सर्व काम पुण्याच्या किंवा मुंबईच्या दालनांतील तज्ज्ञांचें आहे. परंडा किंवा लोहारा येथील रांगेंत उभ्या असलेल्या माणसाचा त्याच्याशीं काय संबंध, अशी शंका श्रोत्यांस येईल. संबंध आहे, आणि तो लहान नाहीं. दालनांतील माणसास यादी दिसते, पण रांग दिसत नाहीं. "सर्व्हर नेहमींच बंद असतो" ही तक्रार त्याच्या उपयोगाची नसते. "सोमवारपासून रोज दहा वाजतां मंदावतो आणि अकरापर्यंत सुरळीत होतो", अशी तक्रार गेली तर त्याचें अर्धें काम झालेलें असतें. कारण दहाचा ठोका त्याला क्रॉनच्या नेमक्या ओळीपाशीं नेतो. गर्दी असो वा नसो मंदपणा सारखाच राहिला, अगदीं सुटीच्या दिवशींहि राहिला, तर तो परक्या पाहुण्याचा संशय घेईल. मंदपणा माणसांच्या संख्येबरोबर वाढत व ओसरत असेल तरच नवें, मोठें यंत्र घेण्याची मागणी रास्त ठरते. एरवीं तो खर्च पाहुण्याच्या पानावर वाढला जातो.

म्हणून ज्या घरांतील मुलें सेवा केंद्रांत अर्ज भरून देतात, जीं घरें गांवाकडील वडीलधाऱ्यांचे उतारे शहरांतून काढून देतात, त्यांनीं "सर्व्हर डाऊन" हें वाक्य ऐकून परत फिरण्यापूर्वीं घड्याळ पहावें आणि वार, वेळ व किती मिनिटें लागलीं एवढें कागदावर टिपावें. चार दिवसांच्या चार ओळी जमल्या, कीं त्या जिल्ह्याच्या कचेरींत लेखी द्याव्या. ज्याची पाळी चुकली आहे, त्यालाच ती कोणत्या वेळीं चुकली हें सर्वांत नेमकें ठाऊक असतें.